कमरेचा बिल्ला

"हा दुसरा. कमरेला लावायचा, शिशाच्या एप्रनच्या आत," एक्स-रे शिकवणारे सपार अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणाले आणि त्यांनी छोटासा बिल्ला टेबलावरून पुढे सरकवला. शिकाऊ बेगाइमनं आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"नाही लावला तर?"

"तर यंत्राला हात लावायचा नाही. पोटातल्याला किती किरणं लागतात ते मोजल्याशिवाय मी तुला आत सोडणार नाही, पोरी. आणि यंत्रावरचे तास भरले नाहीत, तर शिक्षणाचं वर्ष गेलं."

वर्ष जाऊन चालणार नव्हतं. बिल्ला लावूनही चालणार नव्हतं. ओश शहरातल्या त्या इस्पितळात एक्स-रे विभागातली बाई कमरेला बिल्ला लावते ती एकाच कारणासाठी, हे झाडूवालीलाही ठाऊक होतं. मागच्या खेपेला बेगाइमनं दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिसऱ्यात सगळं संपलं. मग अख्खा हिवाळा एकेकाला तेच तेच उत्तर देण्यात गेला. या वेळी तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं आणि नियम म्हणून अगायना.

"शिवाय खाली आपा बसलेल्या असतात," ती म्हणाली.

आपा म्हणजे तिची सासू. इस्पितळाच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कोट सांभाळायचं काम त्यांचं. मनगटात काळ्या मण्यांची माळ, मण्यांवर पांढरे ठिपके, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. कोट देता-घेता ती माळ फळीवर खडखडायची. जीभ तर त्याहून जास्त. सकाळी आठला त्यांच्या कानावर पडलेलं दुपारच्या जेवणाआधी बाजारात पोचायचं.

अगायनी टक्कल खाजवलं. "सोमवारपर्यंत इथे गणितं सोडवत बस. बघू."

सोमवारी पाचही शिकाऊ रांगेत उभे होते. शनिवारपासून खाली आपांच्या फळीवर असलेल्या खोक्यातून अगायनी प्रत्येकाच्या हातावर नाव लिहिलेला एकेक जादा बिल्ला ठेवला. "नेहमीचा गळ्याशी, एप्रनच्या बाहेर. हा कमरेला, आत. तीन महिने लावायचा. मग दोन्ही मापं ताडून बघायची आणि आपले एप्रन कितपत कामाचे आहेत ते मला सांगायचं."

मिशाळ एर्मेक बिल्ल्याकडे बघतच राहिला. "अगाय, मीपण? लोक काय म्हणतील?"

"अभिनंदन म्हणतील. लाव." अगायनी स्वतःचा पांढरा डगला बाजूला केला. त्यांच्या ढेरीवर, पट्ट्याच्या जरा वर, बिल्ला दिमाखात बसला होता.

"कितवा महिना, अगाय?" तोल्कुननं मागून विचारलं. रांगेत तीच सगळ्यांत आगाऊ.

"महिना कसला, अठ्ठाविसावं वर्ष! बायकोच्या हातचं खाऊन."

हसण्याच्या गदारोळात अगाय बेगाइमपाशी आले. "तुझ्या बिल्ल्याच्या पट्टीत काहीतरी शिवलंय," ते पुटपुटले. "यंत्राखाली धरून बघितलं मी. मापात फरक पडत नाही. वहीत नोंद केलीय."

आणि पुढे गेले. बेगाइमनं अंगठ्यानं चाचपलं. कापडाच्या आत वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं. बटण असेल, असं म्हणून तिनं बिल्ला कमरेला लावला आणि महिनाभरात पहिल्यांदा निर्धास्तपणे यंत्राच्या खोलीत शिरली.

संध्याकाळी आपांनी खुंटीवरून तिचा कोट काढला. "काय गं, आज सगळेच दोन-दोन बिल्ले लावून हिंडतायत? तुमचे ढेरपोटे अगायसुद्धा?"

"मापं ताडून बघायची आहेत, आपा."

"असेल बाई. आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

एवढं बोलून आपा फळीमागून बाहेर आल्या. एरवी त्या कुणासाठीही जागच्या हलत नसत. त्यांनी स्वतःच्या हातानं बेगाइमला कोट चढवला आणि गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण लावायला घेतलं. पोटाशी आल्यावर त्यांचा हात जरा रेंगाळला. बेगाइमनं खाली पाहिलं.

आपांच्या माळेत एका मण्याची जागा रिकामी होती.