घोड्याचा रंग

कादंबरी गेल्या सोमवारीच संपली आणि वाचनालयात परतही गेली, हे कोल्हारच्या शामकांत मास्तरांनी बन्सीला सांगितलंच नाही. गोष्ट सरली की हा ओट्यावर यायचा बंद होईल, या धास्तीनं ते हाताला लागेल ते पुस्तक डोळ्यांपुढं धरून सरदाराला आणि त्याचा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला मनानंच पुढं दामटत होते. बन्सीला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट.

"मास्तर, सरदाराचं घोडं काल पांढरं हुतं. आज काळं कसं झालं?"

"चिखलात लोळलं," मास्तर पान उलटत म्हणाले.

"असू द्या. पंचांगातलं घोडं कसलंबी चालंल," बन्सी ऐसपैस मांडी घालत म्हणाला, "पन त्या मोतद्दाराला भाकरी तेवढी खाऊ घाला. सोमवारपासून उपाशीच पळतंय बिचारं."