बारा गोळ्या, बारा मडकी

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण बारा गोळ्यांत बारा मडकी," क्लेमेंटीनच्या विहिरीच्या कठड्यावर बूड टेकत सॅन्टनकाका म्हणाले. बंदूक कंपनीने रविवारी होळी बाजारामागच्या मैदानात नेमबाजीचा मेळा भरवला होता, आणि काका तेव्हापासून गावभर तेवढंच सांगत फिरत होते.

क्लेमेंटीन दोर ओढत राहिली. शनिवारी तिच्या रहाटाला बांधलेली, पाणी उपसायची मडकी चोरीला गेली होती. तेव्हापासून कळशीने पाणी ओढून ती पानवेली जगवत होती आणि तिचे तळहात सोलून निघाले होते. शेजारच्या प्लासिडला कुंपण ओलांडताना पाहिल्याचं काकांनीच तर तिला सांगितलं होतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात, त्याच्या म्हाताऱ्या आईदेखत, तिने त्या मेल्याला चोर म्हटलं होतं.

"साहेबाने स्वतःची टोपी काढून मला दिली. म्हणाला, असा नेम अख्ख्या मुंबईत नाही."

"मडकी म्हणे ज्याची त्याने आणायची होती."

"ती बाकीच्यांनी गो. माझ्यासाठी कंपनीने ट्रकमधून काढली. साहेबाने स्वतः एकेका मडक्यावर चुन्याचा क्रूस काढला, नेम धरायला. मी प्रत्येक गोळी क्रुसाच्या मधोमध घातली."

क्लेमेंटीनने कळशी खाली ठेवली. दोर मात्र तिच्या मुठीतच राहिला.

"ते क्रूस मी काढलेत, काका. ईस्टरला, माझ्या रहाटाच्या मडक्यांवर. आता उठा, ती टोपी घाला आणि चला प्लासिडच्या आईसमोर."