वर सामान आहे

रेवणसिद्ध सरांना खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून रविवारी सकाळी ते तुरीची दोन पोती माडीवर न्यायला निघाले. ‘वर सामान आहे’ हे वाक्य त्यांनी आंघोळ करतानाच तयार ठेवलं होतं. आता ते खरं करायचं तेवढं बाकी होतं.

लातूरच्या एका कॉलेजात सर बावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवतात. ग्रीकांपासून निघून कॅथलिक धर्मगुरूंपर्यंत आले की त्यांना विशेष रंग चढतो. खोटं कधीच बोलू नये, जीव वाचवायलाही नाही, असं त्या धर्मगुरूंचं म्हणणं. मात्र अगदीच अडचण आली तर अर्धं खरं सांगून गप्प बसायची मुभा त्यांच्यातल्या काहींनी दिली होती. सोमवारी हे शिकवून झालं आणि त्याच भरात सरांनी एम.ए.च्या धम्मानंदला सांगून टाकलं, माझी माडीवरची खोली रिकामी झाली आहे, रविवारी येऊन बघ. तो रोज चाकूरहून एसटीनं यायचा आणि त्याचा पहिला तास हमखास बुडायचा. परीक्षा महिन्यावर आली होती, आणि शिकवणीच्या पोरांमुळे लातुरात दुसरी खोली मिळणं मुश्कील होतं.

घरी त्याचं नाव ऐकल्यावर शिवगंगाबाई म्हणाल्या, “पोरगं गुणाचं असंल. पण आपल्या माडीवर नगं. भावकी काय म्हणंल?”

सरांनी वाद घातला नाही. खरं तर नकार बायकोच्या तोंडून आला याचं त्यांना बरंच वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

पहिलं पोतं तिसऱ्या पायरीवर नेईपर्यंतच सरांना धाप लागली. तेवढ्यात फाटक वाजलं. इस्त्रीचा शर्ट घालून धम्मानंद आला होता. त्यानं नमस्कार केला आणि खोलीचं विचारलं. सरांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, वर सामान आहे. पोतं अजून तिसऱ्याच पायरीवर होतं, म्हणजे वाक्य सध्या तरी खोटंच होतं, हे सरांच्या लगेच लक्षात आलं.

धम्मानंदचा चेहरा उतरला. पण सरांना दम लागलेला पाहून त्यानं बाह्या सारल्या आणि पोतं पाठीवर घेतलं. सर नको नको म्हणत राहिले. चढता चढता त्यानं सोमवारच्या तासातली एक शंका काढली. अर्धं खरं सांगायची ती मुभा कुणाशीही बोलताना असते का?

“नाही,” सर म्हणाले. शिकवायची सवय काही जात नाही. “दारात खुनी उभा आहे आणि तुझ्या मित्राचा पत्ता विचारतोय, अशा वेळी. ज्याला खरं कळायचा हक्क आहे, त्याच्याशी नाही.”

“हाव सर,” म्हणत धम्मानंद वर गेला.

पोतं टेकल्याचा आवाज आला. मग पावलं खिडकीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली. वर काय आहे ते सरांना ठाऊक होतं. झाडलेली फरशी, एक खाट, आणि सोमवारी संध्याकाळी त्यांनीच उजेडासाठी खिडकीशी ओढून ठेवलेलं टेबल. इतकी शरम त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. पळून जावं, तर घर त्यांचंच होतं.

धम्मानंद खाली आला. शर्टाच्या खांद्यावर धूळ बसली होती. तो रागावलेला दिसत नव्हता, आणि सरांना तेच सहन होईना. तो सरळ दुसऱ्या पोत्याजवळ गेला.

“एका पोत्यानं खोली भरत न्हाई, सर,” तो हळू आवाजात म्हणाला. “हे बी ठिवतो वर.”

आता बोलायला हवं होतं. एकच वाक्य, आणि तेही खरं. सरांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात शिवगंगाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सरांनी वाकून पोत्याचं दुसरं टोक धरलं.