दोन्ही हात मोकळे

टीव्हीवरच्या जाहिरातीत एक मुलगी फोन हातात धरून हसत होती. खाली अक्षरं आली, ‘व्हिडिओ कॉल करा, आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा.’ पद्मजाबाईंना हसू आलं. त्यांना जन्मापासून काहीच ऐकू येत नव्हतं. तरी सुनेकडून त्यांनी तेच ॲप फोनमध्ये घालून घेतलं होतं, कारण कर्णबधिर शाळेतली जिवलग मैत्रीण इंदुमती तीस वर्षांनी आज दिसणार होती.

पडद्यावर इंदुमती उगवली. केस पिकलेले, हसणं तेच. जाहिरातीतल्यासारखा फोन एका हातात धरून पद्मजाबाई दुसऱ्या हातानं खुणा करू लागल्या. पण एका हातानं बोलून बोलून किती बोलणार? फोन टेबलावर ठेवून त्या दोन्ही हातांनी भडाभडा बोलत सुटल्या.

उत्तरासाठी खाली पाहिलं, तर पडद्यावर छताचा पंखा गरगरत होता. तिकडे इंदुमतीनंही फोन खाली ठेवला होता.

सुनेनं हसत फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. तिकडेही कुणीतरी तसंच केलं. मग चारही हात सुटले. घरात इतकी शांतता, की सुनेला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि गप्पा काही केल्या आवरत नव्हत्या.