कनवटीचा गूळ

सासूच्या, ठकुबाईच्या कनवटीला गुळाचा खडा सापडला आणि पाणी कुठे मुरतंय ते रूपाला कळलं.

"आत्या, ह्यो गूळ कुनासाठी?"

"जागृतीसाठी. साखर एकदम उतरून पोर थरथराय लागली तर जिभेवर ठेवाया. दवाखान्यातल्या बाईनीच सांगितलंय. तू व्हतीस ना तिथं?"

"थरथरतेय कुठं ती? साखर खाली यायचं नाव न्हाय. आन् तुम्ही गूळ चारताय!"

ठकुबाईने गावदेवीची शपथ घेतली, मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला. रूपाने तो हात झटकला. तिचा नवरा सागर दारात उभा होता. आईची बाजू घ्यावी की बायकोची, हे त्याला लग्नापासून उमगलं नव्हतं. त्याने आईला टेम्पोत बसवलं आणि अंबाडीला बहिणीकडे सोडून आला.

जागृती दहा वर्षांची. गेल्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला, तोही रोज इन्सुलिन टोचावं लागणारा. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तेव्हा दोघींना समोर बसवून समजावलं होतं.

"हे औषध जिवाणूंकडून बनवून घेतात. दुधाला विरजण लावतो ना, तसंच समजा. फार नाजूक असतं. गरम झालं की वाया गेलं. घरात फ्रिज आहे?"

"न्हाय."

फ्रिज नाही म्हटल्यावर बाईंनी फ्रिजचं सांगणं सोडलं आणि माठात कसं ठेवायचं तेच नीट सांगितलं. ठकुबाईने पडवीत ओल्या वाळूत माठ रोवला. बाटली डब्यात घालून आत ठेवली आणि वरचं फडकं सुकू दिलं नाही. पोर अंग धरू लागली, शाळेत जाऊ लागली.

मग रूपाला मानकोलीच्या गोदामात काम लागलं. आइस्क्रीम, मटार, कोळंबी, सगळा गोठवलेला माल. उन्हाळ्यातही जाड जॅकेट घालून खोके लावायचे. दार जरा उघडं राहिलं की सुपरवायझर खेकसायचा, "ठंडा टूटा तो माल गया! जितना ठंडा, उतना अच्छा!" रूपाला हे पटलं. आपल्याही घरात नाजूक माल आहे, आणि तो आपण वाळूतल्या माठात ठेवतोय, याची तिला लाज वाटली. पगारातून तिने जुना फ्रिज घेतला. माठ अंगणात कोंबड्यांच्या पाण्याला गेला.

ठकुबाई त्यावरून रुसली होती. रूपा ड्युटीला जाऊ लागली आणि पोर दिवसभर आजीच्या ताब्यात आली. साखर चढू लागली ती त्याच सुमारास. यात कोडं कसलं? माठाचा राग म्हातारी पोरीवर काढतेय, असं रूपाच्या मनाने घेतलं. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही.

औषधात मात्र कसूर नव्हती. सकाळी उठल्या उठल्या रूपा बाटली बाहेर काढायची. भाकऱ्या होईस्तोवर बाटली ओट्यावर राहायची. मग मुठीत धरून ऊब द्यायची आणि स्वतःच्या हाताने टोचायची. त्या बाटलीला तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

ठकुबाई गेली, पण साखर उतरली नाही. जागृती तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागली. फ्रॉक अंगावर लोंबू लागला. रूपाने तिचं दप्तर झाडलं, गादीखाली बघितलं, दुकानदाराला दम दिला. काहीच सापडलं नाही तेव्हा तिने पोरीच्या गालात मारली.

"खरं सांग, काय खाल्लंस?"

"आई, मी कायच न्हाय खाल्लं गं."

पोर खोटं बोलायला शिकली, असं वाटून रूपा मोरीत जाऊन रडली.

एका सकाळी जागृती उठेना. श्वास जोरात चाललेला, तोंडाला कुजक्या फळासारखा वास. रूपा घाबरली. तिने औषधाची बाटली स्टीलच्या डब्यात घातली, खाली-वर बर्फ भरला आणि पोरीला घेऊन सागरच्या टेम्पोत बसली. मानकोली नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती. "माझा जीव घे, तिचा नको," असं ती कुठल्या देवाला म्हणत होती तेही तिला सांगता आलं नसतं.

दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. दुपार कलली तशी साखर उतरू लागली. जागृतीने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आजी कुठंय?"

त्याच नर्सबाई जवळ आल्या तशी रूपा म्हणाली, "बघा बाई, हितं गोड द्यायला कोन न्हाय, म्हनून उतरली ना साखर?"

सागर हळूच म्हणाला, "आय आलीय अंबाडीवरनं. भाईर पायरीवर बसलीय. येऊ दे का आत?"

"पाय ठेवू देणार न्हाय मी तिला. माझी पोर मारत व्हती ती."

नर्सबाईंनी उशाशी ठेवलेला डबा उघडला. बर्फ बाजूला करून बाटली काढली आणि उलटी केली. आतलं काही हललं नाही.

"घरी हे कुठे ठेवता, रूपाताई?"

"फ्रिजात." रूपाने डोळे पुसले. एवढं एक तरी आपण चोख केलं, हे सांगताना तिचा आवाज सावरला. "वर, बर्फाच्या खणात. टोचलं की लगीच परत तिथंच. घेतल्यापासून एक दिस चुकला न्हाय."

नर्सबाईंनी बाटली खाली ठेवली. त्या दाराकडे, बाहेरच्या पायरीकडे बघत राहिल्या.

"एकदा गोठलं की याचं औषध राहत नाही," त्या म्हणाल्या. "फ्रिज घेतल्यापासून पोरीला तुम्ही नुसतं पाणी टोचत होतात."