शेवटची पाटी

"गोष्टीचा शेवट बदलायचा अदिकार तुमाला दिला कुनी?"

तिप्पण्णांनी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला. सोलापुरातल्या थिएटरचा पहिला खेळ नुकताच सुटला होता. तिप्पण्णा वळसंगचे शेतकरी, एरवी बैलावरही न खेकसणारे. दाराशी त्यांची लेक कमलम्मा उभी होती, आणि तिचे सासरे गुरुसिद्धप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते.

राग यायलाच हवा होता. पाच वर्षांपूर्वी हीच गोष्ट मूकपटात आली होती. सासरी छळलेली सून माहेरी येते. नवरा दारात येऊन हात जोडतो. पडद्यावर पाटी येते, 'मी येणार नाही', आणि खेळ संपतो. पंचमीला आलेल्या कमलम्माला तिप्पण्णांनी त्यानंतर सासरी धाडलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "एवड्या मोट्या पडद्यावरची बाई जात न्हाय, मग माजी लेक का जाईल?"

आता त्याच कंपनीने त्याच गोष्टीचा बोलपट काढला. आणि ही सून काय करते? नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि वर गाणं म्हणत त्याच्या गाडीत बसते. वाचा फुटली म्हणून वाटेल ते बोलायचं? एक धड गोष्ट होती, ती तशीच राहू द्यायला काय झालं होतं?

गुरुसिद्धप्पांनी मुद्दाम तिकिटं काढून दोघांना आणलं होतं. पडद्यावरची सून जाईल तर कमलम्माही येईल, असं ठरलं होतं. शेवट ठाऊक असल्याने तिप्पण्णांनी बिनघोर कबूल केलं होतं. कमलम्मा मात्र वाटभर एक शब्द बोलली नव्हती.

"गाणं आणि गाडी तेवढी नवी," मॅनेजर म्हणाला. "बाकी शेवट तोच आहे. मूकपटातही शेवटच्या पाटीवर 'मी येते' असंच होतं. मी रोज वाचत होतो."

"मग पावणं," गुरुसिद्धप्पा म्हणाले, "तुमाला दुसरंच कसं दिसलं?"

तिप्पण्णांना अक्षरओळख नव्हती. गुरुसिद्धप्पांनाही ते ठाऊक होतं. मूकपट पाहिला त्या दिवशी कमलम्मा बायकांच्या बाजूला न बसता तिप्पण्णांच्या शेजारी बसली होती, पाट्या वाचून दाखवायला. सगळ्या भराभर वाचल्या तिने. शेवटच्या पाटीला तेवढी अडखळली. दंडावरचा भाजल्याचा डाग पदराखाली घेतला आणि म्हणाली, "येनार न्हाय म्हनतीया, अप्पा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. कमलम्माने मान खाली घातली होती. तिचा हात पदराखाली, दंडावर होता.

"बोला की," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "कुनी वाचून दाखवलं तुमाला?"

"येनार न्हाय, असंच ल्हिलं हुतं," तिप्पण्णा म्हणाले. "म्या सोता वाचलंय."