घरात बाबा एकच

कृष्णराव बांधावर दोरी ताणून उभे होते. दोरीच्या रेषेत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायची जपानी पद्धत त्यांनी केव्हाच उचलली होती. ती पाहायला खरोखरचा जपानी शहापुरात आला, याचं त्यांना भारी कौतुक. सोबत एक अमेरिकनही होता. दोघांचं इंग्रजी सत्यवती वडिलांना मराठीत सांगत होती.

मोहाच्या झाडाखाली चहा झाला. अमेरिकन म्हणाला, मी बापाला नावानंच हाक मारतो.

"नावानं? अन् बाप मारत नाही?" कृष्णराव हसले.

जपान्याने मान हलवली. त्याच्या देशात मूल झालं की बायकोसुद्धा नवऱ्याला 'बाबा'च म्हणते.

"माही पोरगी मले भाऊ म्हणते," कृष्णराव म्हणाले. "माहे भाऊ-बहीण म्हणत, तेच ऐकून शिकली. तवा माहे वडील होते, बाबा म्हणजे ते. घरात बाबा एकच."

सत्यवतीने ते इंग्रजीत सांगितलं. अमेरिकनाने विचारलं, "आजोबा आहेत?"

"नाहीत. बरीच वर्षं झाली."

"मग आता यांना बाबा का नाही म्हणत?"

तिने हातातली कपबशी खाली ठेवली.

"काय म्हणून राहिला तो?" कृष्णरावांनी विचारलं.

"पऱ्हे चांगले आहेत म्हणते, भाऊ."

"पऱ्ह्याचं बोलून राहिला, अन् पाहून राहिला तुह्याकडे?"

ती कपबश्या गोळा करू लागली. ते दोरी गुंडाळू लागले.

संध्याकाळी कृष्णराव जेवायला बसले तेव्हा ती उगाच आत-बाहेर करत राहिली. मीठ ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. शेवटी पातेलं घेऊन समोर उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं.

"भाऊ, भात?"

"घाल थोडा."

सकाळी ते उठलेच नाहीत.

ओसरीवर त्यांना खाली घेतलं होतं. गाव जमला होता. जो येई तो 'भाऊ, भाऊ' म्हणत रडत होता. आत्याने, कलाबाईने, तुळशीचं पान घातलेली वाटी सत्यवतीच्या हातात दिली.

"भाऊच्या तोंडात पाणी घाल, बाई."

ती वाकली. तुळशीचं पान पाण्यात बुडवलं.

"बाबा."

कलाबाईचं रडणं थांबलं. तिची नजर भिंतीवरच्या आपल्या वडिलांच्या फोटोकडे गेली.

सत्यवतीने मान वर केली नाही.

"बाबा, पाणी घ्या."